अर्ध्या लिटरात मोटारसायकल

मोटारसायकल धुताना पाणी तीन कामे करते. माती भिजवून सैल करते, माती आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर होऊन राहते आणि शेवटी ती माती वाहून नेते. नळी व बादली बाजूला ठेवायची, तर ही तिन्ही कामे दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावी लागतात. पहिली दोन फवाऱ्याच्या बाटलीतले द्रावण करते, तिसरे मायक्रोफायबरचे फडके. या पद्धतीला बाजारात ‘वॉटरलेस वॉश’ म्हणतात. द्रावणात पाणी असतेच, पण एका गाडीला अर्धा लिटर पुरते. बागेची साधी नळी एका मिनिटात दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते.

शहरांत ही पद्धत सोयीची, तर टंचाईत ती गरजेची ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहन धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपयांचा दंड ठरला. टंचाई नसली, तरी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नळ मिळतोच असे नाही. शिवाय वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि विजेच्या जोडण्यांमध्ये पाणी शिरते. बोअरचे जड पाणी वाळले, की त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके टाकीवर उरतात.

मात्र पाणी वाचवण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग सर्वांत वाईट आहे. तो म्हणजे रोज सकाळी गाडीवर कोरडे फडके मारणे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतला क्वार्ट्झ काठिण्याच्या मोहस् मापावर ७ भरतो, तर साध्या सुरीचे पोलाद साडेपाचच्या आसपास. रंगावरचा पारदर्शक थर या दोहोंपेक्षा कितीतरी मऊ असतो आणि माणसाच्या केसापेक्षाही पातळ. कोरड्या फडक्याखाली सापडलेला कण त्या थरावर बारीक रेघ ओढतो. वर्षभरात अशा हजारो रेघा जमतात आणि काळ्या टाकीवर ऊन पडले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसू लागतात. गाडीची सर्वाधिक काळजी घेणाऱ्याचीच टाकी अशी लवकर निस्तेज होते, ही खेदाची गोष्ट आहे. त्यापेक्षा धूळ तशीच राहू दिलेली बरी.

द्रावणातले साबणासारखे रेणू धुळीचा कण वेढून रंगापासून सुटा करतात आणि त्यातले वंगण त्या कणाला घसरते ठेवते. बहुतेक द्रावणांत थोडे मेण किंवा पॉलिमरही असते, त्यामुळे मागे चमक राहते. भांड्यांचा साबण याऐवजी वापरू नये. तो आधीचा मेणाचा थर काढून टाकतो आणि वंगणाचे काम करत नाही. मायक्रोफायबरचा धागा पॉलिएस्टर व पॉलिअमाइडचा असतो आणि तो उभा चिरलेला असतो. त्या चिरांत कण अडकतात आणि पृष्ठभागापासून दूर राहतात. जुन्या बनियनच्या सपाट सुती कापडात कणांना अशी जागा नसते.

गाडी सावलीत आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर घ्यावी. गरम पत्र्यावर द्रावण लगेच वाळते आणि डाग उरतात. सुरुवात टाकीपासून करून खाली यावे, कारण सर्वांत जाड घाण खालीच असते. एका वेळी एकच भाग भरपूर ओला करावा आणि अर्धा मिनिट थांबावे. घाई होते ती याच ठिकाणी. मग चौघडी घातलेले फडके वजन न देता एका दिशेने सरळ ओढावे. गोल घासू नये. प्रत्येक ओढीनंतर फडक्याची स्वच्छ बाजू वर घ्यावी. चौघडीच्या फडक्याला अशा आठ बाजू मिळतात. शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा टाकीला लावू नये.

पक्ष्याची विष्ठा आणि हेडलाइटवर चिकटलेले किडे यांवर द्रावणात भिजवलेले कापड दहा मिनिटे ठेवावे. नखाने खरवडू नये. हेडलाइटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, तिला पेट्रोल किंवा थिनर लावू नये. मॅट रंगाला मेणाचे द्रावण चालत नाही, त्यावर चमकदार ठिगळे पडतात. स्विच आणि मीटरवर थेट फवारू नये, फडक्यावर फवारून पुसावे.

एअरकूल्ड इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये फडके पोहोचत नाही. तिथे एक इंची रंगाचा ब्रश आणि दातांचा जुना ब्रश उपयोगी पडतात. या पट्ट्या हवेला उष्णता देतात, त्यामुळे त्यांत साचलेला चिखल काढणे दिसण्यापुरते नाही. तारांच्या चाकाला वेळ लागतो. एकेका तारेभोवती कापड गुंडाळून ते रिमपर्यंत ओढण्याला दुसरा उपाय नाही.

चेनसाठी वेगळे जुने कापड ठेवावे. डबल स्टँडवर गाडी लावून चाक हाताने फिरवत चेन क्लीनर किंवा रॉकेलच्या कापडाने ती पुसावी, पेट्रोलने नाही. ओ-रिंग असलेल्या चेनमधले रबर त्याने खराब होते. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत. पुसून झाल्यावर ९० नंबरचे ऑइल किंवा चेन स्प्रे लावून जास्तीचे टिपून घ्यावे.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि पावसाळ्यात त्या लगेच कळतात. मराठवाड्यातली काळी माती भिजली, की फुगते आणि मडगार्डच्या आत लिंपल्यासारखी बसते. असा थर फवाऱ्याने सुटत नाही. तिथे पाणीच लागते. कोकणात खारी हवा नटबोल्टच्या खाचांत गंज धरते, तिथेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुणे बरे. शिवाय वापरलेली चार-पाच फडकीही धुवावी लागतात. त्याला अर्धी बादली पाणी जाते. ती इतर कपड्यांपासून वेगळी धुवावीत आणि कपडे मऊ करणारे कंडिशनर टाळावे, कारण त्याने धाग्यांच्या चिरा बुजतात.

दसऱ्याला पूजा झालेल्या गाडीवरची हळद त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपावी. फिकट रंगावर ती डाग धरते.

सीट, हँडलच्या मुठी, पायदाण आणि टायर यांना चमक आणणारे काहीही लावू नये. तिथे निसरडेपणा म्हणजे धोका. ब्रेकच्या डिस्कवर द्रावणाचा थेंबही उडता कामा नये. उडालाच, तर स्वच्छ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर लावून डिस्क पुसावी. आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी, पार्किंगमध्येच सावकाश चालवून, दोन्ही ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावेत.