दात हलण्याआधी

खुर्चीत बसण्याआधी निम्मे पेशंट विचारतात, ‘डॉक्टर कुठे आहेत?’ डॉक्टर पलीकडे रूट कॅनल करत असतात. तुमच्या हिरड्या मी बघणार, असं सांगितलं की चेहऱ्यावर शंका दिसते. मी सोलापुरातल्या एका दंत दवाखान्यात डेंटल हायजिनिस्ट आहे. दात काढणं, भरणं, इंजेक्शन देणं हे माझं काम नाही. दातांवरचं कीटण काढणं, पॉलिश करणं आणि पुन्हा कीटण साचू नये म्हणून काय करायचं ते शिकवणं, एवढं काम कायद्याने मला दिलंय. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

या कामाची सुरुवात अमेरिकेत झाली. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करायला शिकवलं. १९१३ मध्ये फोन्स यांनी हे काम शिकवणारी शाळाच काढली. तिथे शिकलेल्या मुली ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात बघू लागल्या. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्या आणि नोंदणी दोन्ही आली. तरी कित्येक सुशिक्षित घरांत असं कुणी असतं हेच माहीत नसतं.

बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा. शरीररचना, जंतुशास्त्र, हत्यारांचं निर्जंतुकीकरण हे सगळं त्यात येतं, पण खरी परीक्षा बोटांची. स्केलर, म्हणजे कीटण काढायचं हत्यार, पेनासारखा धरायचा आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. पेशंटने अचानक मान हलवली तरी हात त्याच्याबरोबर हलला पाहिजे, हत्यार घसरून हिरडीला लागता कामा नये. आमच्या मॅडम डमी जबड्यावर डोळे मिटायला लावायच्या. कीटण हिरडीखाली असतं, ते दिसत नाही. बारीक टोकाच्या एक्सप्लोररने दाताचा पृष्ठभाग चाचपायचा आणि खरखर कुठे लागते ते सांगायचं. हत्याराला धार लावणंही तिथेच शिकले. बोथट स्केलर कीटण उपटत नाही, वरून गुळगुळीत करून सोडतो. मग ते चाचपूनही सापडत नाही.

कीटण काढण्याआधी हिरडी मोजते. खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच उतरवायची आणि आकडे सांगायचे, ‘टू, थ्री, टू.’ एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. पाच-सहा आले आणि सळईबरोबर रक्तही आलं, तर आतलं हाड झिजत असण्याची शक्यता असते. मग डॉक्टर एक्स-रे बघून पुढचं ठरवतात. मधुमेह असलेल्यांचे आकडे मी जास्त काळजीने घेते. साखर ताब्यात नसली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

मिशरी लावणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ येतात. मिशरी जिथे घासली जाते तिथली हिरडी मागे सरकलेली असते. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, जिभेखाली काही आहे का, हे मी बघतेच. गुटखा खाणाऱ्याला स्वतःचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगते. ती जात नसतील, म्हणजे तोंड पुरेसं उघडत नसेल, तर कीटण राहू दे बाजूला, आधी डॉक्टरांना हाक.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच.

‘ताई, क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात म्हणे?’

‘काकू, दात आधीच हलत होता. कीटणाने त्याला शेजारच्या दाताशी चिकटवून ठेवलं होतं, म्हणून कळत नव्हतं.’

कीटण काढायची मशीन दात घासत नाही. तिचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, त्याने कीटण सुटतं. पाणी सतत उडतं ते टोक गार राहावं म्हणून. नंतर चार दिवस थंड पाणी झिणझिणतं, कारण कीटणाखाली झाकलेला दाताचा भाग उघडा पडलेला असतो. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

मशीन बंद झाल्यावर मी पेशंटच्या हातात आरसा देते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवते. तिथे लाळग्रंथीचं तोंड जवळ असतं, लाळेतले क्षार दातावरच्या थरात बसतात आणि कीटण सगळ्यात आधी तिथेच धरतं. नेमकी तीच जागा ब्रशकडून सुटते. ब्रश तिरका धरून केस हिरडीच्या कडेला टेकवायचे, जोर न लावता जागच्या जागी हलवायचे. ही पाच मिनिटं मला स्केलिंगइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण नुसतं स्केलिंग करून घरी गेलेला माणूस तेच कीटण घेऊन परत येतो.

ब्रश करताना रक्त आलं की लोक ब्रश करणं सोडतात. तसं करू नका. मऊ ब्रशने घासत राहा आणि दुखायची वाट न बघता दाखवायला या, कारण हिरडीचा आजार बराच काळ दुखतच नाही. आणि दवाखान्यात कीटण काढायला डॉक्टरांऐवजी दुसरं कुणी पुढे आलं, तर बिनधास्त विचारा, ‘तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का?’ हा प्रश्न विचारलेला मला तरी आवडतो.