चित्र पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला काय मिळतं?

नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेलं. गायतोंडे २००१ मध्येच गेले. पैसे मिळाले, ते चित्र ज्याच्याकडे होतं त्याला.

दोंडाईचाच्या चित्रकाराला पहिली विक्रीच जड जाते. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) दालन भाड्यानं देते. फ्रेम, गाडीभाडं, मुक्काम ज्याचा त्यानं बघायचा. खासगी गॅलरी भाडं घेत नाही, पण विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम सहसा ठेवून घेते.

पुढच्या विक्रीचं काय? कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५३ अ इथे कामी येतं. मूळ चित्र पुन्हा दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो. कमाल १० टक्के. कॉपीराइट आधीच लिहून दिला असला तरीही! हा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वाद झाला तर निर्णय व्यावसायिक न्यायालयाचा.

मेख अशी, की कोणी पैसे देऊन आजोबांचं पोर्ट्रेट काढून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक. तिथे हा वाटा नाही.

शिवाय चित्र कुठे, कितीला विकलं हे कळणार कसं? बंद खोलीतला व्यवहार कोणी कळवत नाही. म्हणून पहिल्याच विक्रीला बिलावर चित्राचं नाव, माप, वर्ष आणि खरेदीदाराचा पत्ता लिहून घ्यावा, फोटो जपून ठेवावा.