गावतळ्यातील हिरवी साय

पावसाळा सरून पाणी निवळले म्हणजे वर्धा जिल्ह्यातील उथळ गावतळ्यांस व शेततळ्यांस पुष्कळदा हिरवट झाक येते. पुढे चैत्र-वैशाखात पाणी आटू लागले की ती दाट होते आणि काठाशी रंग सांडल्यासारखी साय धरते. लोक तिला घाण समजून सोडून देतात. आमच्या मते तिजकडे पीक म्हणून पाहावे. कारण तिचे खत बहुतांशी आपल्याच शेतांतून व गोठ्यांतून जाते.

पाण्यात तरंगत राहणाऱ्या या सूक्ष्म वनस्पतींस शास्त्रज्ञ वनस्पतिप्लवक म्हणतात. सर्वच वाईट आहेत असे मुळीच नाही. त्यांतील हिरवी शेवाळे व काचेसारख्या कवचाचे डायटम खाऊन पाण्यातील बारीक किडे जगतात, आणि त्या किड्यांवर कटला मासा पोसतो. नीलहरित शेवाळाच्या काही जाती तर हवेतील नत्र बांधतात. धानाच्या बांध्यांत ही गोष्ट पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिली. भंडारा-गोंदियाकडील धानकऱ्यांस तिचे मोल अधिक.

परंतु याच नीलहरित वर्गात विष करणाऱ्या जाती आहेत, आणि मायक्रोसिस्टिस ही त्यांतील एक प्रमुख होय. तिचे विष यकृतावर आघात करते. जनावरे अशा पाण्याने मरतात हे १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावरून प्रथम जगापुढे मांडले. तेथील जात निराळी होती. पण काठाची साय पिऊन मेंढ्या, घोडे व डुकरे काही तासांतच मेली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात बैल एकाएकी दगावला की सर्पदंशाचा किंवा घटसर्पाचा संशय प्रथम येतो. तो कोणत्या काठाला पाणी प्याला, हे सहसा कोणी विचारीत नाही.

काठ विचारण्यास कारण आहे. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यामुळे ती वर तरंगते आणि वारा तिला एका बाजूस लोटून देतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे विष दाट, समोरच्या काठास पुष्कळ विरळ. ओळख करावयाची तर काडी बुडवून पाहावी: धाग्यांसारखे काही गुंडाळून आले तर ते बहुधा साधे शेवाळ, आणि काडीस रंग फासल्याप्रमाणे लेप बसला तर संशय धरावा. काचेच्या बरणीत पाणी रात्रभर ठेवले असता साधे शेवाळ बहुधा तळाशी बसते, नीलहरित वर येते. ही परीक्षा विषाची नव्हे, केवळ जातीची आहे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही. मोरचूद टाकून साय मारण्याचा उपाय तर अधिक घातक, कारण पेशी फुटल्या की आतील सारे विष एकदम पाण्यात उतरते.

आता खताकडे वळू. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एक सरोवर १९७३ मध्ये पडदा लावून दुभागले आणि दोन्ही भागांत नत्र व कर्ब घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. आपल्या काळ्या जमिनीत सुपर फॉस्फेट वा डीएपीचे स्फुरद मातीच्या बारीक कणांस घट्ट चिकटते. आषाढातील एका जोरदार पावसाने ती माती वाहिली की स्फुरदही नाल्याने तळ्यात जाते. गावाचे आखर तळ्याच्या वरच्या अंगास असले तर शेणाचा वाटा निराळा. बोर किंवा धाम नदीवरील मोठ्या जलाशयांत बरेचसे स्फुरद खोल तळाशी पडून राहते. उथळ तळ्यात वारा गाळ ढवळून ते पुनःपुन्हा वर आणतो. म्हणून उताराला आडवी पेरणी, धुऱ्यावर गवत आणि खत मातीआड पेरणे, यांनी तळ्याचेही रक्षण होते व विकत घेतलेले खतही वाचते.

गाळ काढण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली ठिकठिकाणी गाळ निघाला, तो शेतात पडला, हे उत्तमच झाले. पण तळे चकचकीत करण्याच्या हौसेने कित्येक जण काठची सर्व पाणवनस्पतीही उपटतात. ही झाडे गाळ धरून ठेवतात, स्फुरद शोषतात आणि प्लवक खाणाऱ्या किड्यांना आसरा देतात. ती नाहीशी झाली की निवळ तळे अल्पावधीत हिरवे होऊ शकते, आणि एकदा झाले की सहजासहजी परतत नाही. निदान एका बाजूचा पट्टा राखावा.

साय दिसताच गुराख्यास ताकीद द्यावी की, गुरे वारा येतो त्या बाजूच्या काठाने न्यावीत; आणि विहिरीची सोय असेल त्याने साय ओसरेपर्यंत हौदातच पाणी पाजावे.