बदली गोलंदाजाचा आवाज

धंतोलीतल्या आमच्या घरी रेडिओभोवती बसून ‘शास्त्री हाय हाय’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. संथ खेळतो, एवढीच तक्रार. पुढे त्याच माणसाचा आवाज दूरचित्रवाणीवर आला की आम्ही हातातले काम सोडून बसू लागलो. हे कसे घडले, याचा शोध घेताना मी रवी शास्त्रींच्या पहिल्या कसोटीपाशी पोहोचलो.

फेब्रुवारी १९८१. दिलीप दोशी जखमी झाले आणि अठरा वर्षांच्या शास्त्रींना तातडीने न्यूझीलंडला बोलावले गेले. वेलिंग्टनला पोहोचताच ते कसोटीत उतरले. दुसऱ्या डावात त्यांनी चार चेंडूंत तीन बळी घेतले. फलंदाजीला क्रमांक दहावा. दोनच वर्षांनी कराचीत सलामीला येऊन त्यांनी १२८ धावा केल्या. संघात जिथे जागा रिकामी पडेल तिथे उभे राहायचे, हेच त्यांचे काम.

अशा खेळाडूला आधी परिस्थिती ओळखावी लागते. १९८४-८५च्या कोलकाता कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध अतिशय संथ १११ धावा काढल्या. त्यानंतर आठवडाभरातच, १० जानेवारीला, वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पूर्ण केले. म्हणजे फटके होतेच. ते कधी मारायचे, हे ते ठरवत. आमच्या आरडाओरड्यात हे लक्षात आले नव्हते.

गुडघ्याच्या दुखण्याने तिशीतच कसोटी कारकीर्द संपली: ८० सामने, ३,८३० धावा, १५१ बळी. मग हाती माइक आला. रेडिओवर समालोचकाला सारे मैदान शब्दांत उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर चित्र समोरच असते, त्यामुळे कधी बोलावे आणि कधी थांबावे याला मोल. १९ सप्टेंबर २००७ला डर्बनमध्ये युवराजने सहा षटकार मारले, तेव्हा समालोचन करत होते स्वतः तो पराक्रम केलेले शास्त्री. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर धोनीचा विजयी षटकार गेला, तेव्हाही तेच. फटका, जल्लोष, अठ्ठावीस वर्षांची प्रतीक्षा. मोजक्या शब्दांत सारे आले.

क्रिकेट मंडळाच्या करारावर असताना ते मंडळाविरुद्ध कितपत बोलू शकतील, असा प्रश्नही विचारला गेला, आणि तो गैरवाजवी नव्हता. २०१७ ते २०२१ ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. नंतर पुन्हा माइककडे परतले.

आता एखाद्या फलंदाजाला संथ म्हणण्याआधी मी धावफलक पाहतो: किती गडी बाद झालेत, किती षटके उरलीत. ही सवय मला उशिरा लागली, तीही ज्याला नावे ठेवली त्याच्याकडून.