रक्तपिपासू सरदार आणि घरातली मिना

पिशाच्चकथेस सुशिक्षित घरांत फारसा मान नाही. पण रात्रीची जेवणे आटोपल्यावर तिला लाभतात तसे एकाग्र श्रोते इतर कथांस क्वचितच लाभतात, हेही तितकेच खरे. आपला वेताळ सर्वांच्या परिचयाचा आहे. रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्यास ‘व्हँपायर’ हेच नाव दिले. वस्तुतः आपला वेताळ राजास कोडी घालतो, कोणाचे रक्त पीत नाही. रक्त पिणारे पाश्चात्त्य पिशाच्च कित्येक मराठी घरांत शिरले ते नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लेखणीतून. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग याच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, आणि तिच्याही मागे उभी आहे ती ब्रॅम स्टोकर याची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’.

बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावी बसूनही आज ही मूळ कादंबरी वाचता येते आणि तिच्यावरील चित्रपट हातातल्या फोनवर पाहता येतात. दोन्ही लागोपाठ अनुभवणाऱ्याच्या मनात मात्र कौतुक आणि विषाद यांचे मिश्रण उरते.

प्रथम कौतुकाचे बोलू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ साली ‘नॉस्फेराटू’ काढला तो परवानगीवाचून. स्टोकरच्या पत्नीने दाद मागितली व त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. पण काही प्रती वाचल्या. सूर्यकिरणांनी पिशाच्च मरते ही आज सर्वमान्य झालेली कल्पना ह्या चित्रपटाचीच होय. कादंबरीतला सरदार भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. म्हणजे चित्रपटाने मूळ कथेस दिलेलेही पुष्कळ आहे. कपोलाचा १९९२ सालचा व एगर्सचा २०२४ सालचा चित्रपट पाहताना छायाप्रकाशाच्या त्या सामर्थ्यापुढे मान लवते.

विषाद वाटतो तो मिनेकरिता. कादंबरीतील मिना ही शाळेत शिकविणारी, लघुलेखन व टंकलेखन शिकलेली, आगगाड्यांची वेळापत्रके मुखोद्गत असलेली तरुणी. सर्वांच्या रोजनिशा टंकून, तारीखवार लावून ती देते, म्हणूनच शत्रूचे स्वरूप उलगडते. त्यानंतर मात्र घरातील पुरुष ठरवितात की, यापुढे हिला काही कळू द्यावयाचे नाही. स्त्रीच्या मनास ते सोसावयाचे नाही. तिला निजावयास पाठवून ते बाहेर पडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिला गाठतो. तिची फिकट मुद्रा पाहूनही ती थकली आहे, एवढेच त्यांना वाटते. घात उघडकीस आल्यावर सर्वजण ठरवितात की, आता तिच्यापासून काही लपवावयाचे नाही. आणि पुढे पळणारा सरदार कोणत्या नदीमार्गाने जाईल, हे तर्काने शोधून काढते ती मिनाच.

कपोलाने आपल्या चित्रपटाच्या नावात स्टोकरचे नाव गोवले, रोजनिशा-पत्रांचा बाजही राखला. पण मिनेस केले सरदाराची पूर्वजन्मीची प्रिया. एगर्सची एलन अधिक करुण आहे. तिचे सांगणे वेड ठरवून तिला गुंगीचे औषध दिले जाते. स्त्रीचे शब्द न ऐकण्याचे दुःख येथे खरोखर काळजास भिडते. पण शेवटी तिनेही करावयाचे ते आत्मार्पणच. एकीच्या वाट्यास प्रेम आले, दुसरीच्या वाट्यास मरण. विचार करणारी, कामास येणारी, आणि जगून परत येणारी मिना मात्र दोन्हीकडे मागे पडली.

हा भेद केवळ रसिकतेचा नव्हे. मोठ्या कुटुंबात कर्जाची, आजाराची, कोर्टकज्जाची गोष्ट ‘बायकामुलांना कशाला सांगा’ म्हणून माजघराच्या अलीकडेच थांबविण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. हेतू मायेचाच असतो. पण संकटास दाराबाहेर ठेवावयाचे तर ते कोणत्या रूपाने येणार हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक हवे. स्टोकरचे पिशाच्च घरच्या कोणी बोलावल्यावाचून प्रथम आत येऊ शकत नाही. आणि ज्यास काही सांगितलेलेच नाही, तो त्यास ओळखणार कसा?

म्हणून चित्रपट अवश्य पाहावेत, त्यांतील भयाचा व सौंदर्याचा आस्वाद घ्यावा. पण घरातील वाढत्या मुलींच्या हाती मूळ कादंबरीही द्यावी. पडद्यावर त्यांना पिशाच्च दिसेल. पुस्तकात मिना भेटेल.