२८ मिलिमीटरचा हीरो

बोटभरही उंची नाही, पण दाढी, कुऱ्हाड आणि ॲटिट्यूड सगळं आहे! मिनिएचर पेंटिंगचा हा हटके छंद एकदा लागला की सुटत नाही, बरं का.

लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय ना? मग तुम्ही अर्धे पास! दगडमातीचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव आणि दरवाज्याशी पहारा देणारे मातीचे मावळे. फँटसी मिनिएचर म्हणजे थोडंफार तेच. फक्त मावळ्याच्या जागी एखादा ड्वार्फ, एल्फ नाहीतर चेटकीण, आणि अख्खा डोंगर मावतो एका सोंगटीवर.

प्रकार मूळचा तिकडचा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’. खेळासाठी पुतळे आले आणि पुतळे रंगवणं हाच एक वेगळा खेळ होऊन बसला. त्याची ‘गोल्डन डीमन’ ही स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. तिचं सगळ्यात मोठं बक्षीस काय, तर चक्क एक तलवार!

पाच वर्षांची सोंगटी

आमची पाच जणांची गँग दर शनिवारी रात्री ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायची. आठवडाभर डेडलाइन आणि क्लायंट कॉल्स, शनिवारी मात्र गुहा, खजिना आणि राक्षस. गँगमधल्या एका मित्राचा ड्वार्फ होता. म्हातारा, तिरसट, पण संकटात सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी पुतळा नव्हता म्हणून आम्ही कॅरमची एक काळी सोंगटी ठेवली. ती पाच वर्षं तशीच चालली.

मग जुलैमध्ये त्याची डब्लिनची ऑफर आली. शेवटच्या गेमला उरले तीन आठवडे. मी म्हटलं, या म्हाताऱ्याला आता तरी चेहरा द्यायचा. पुतळा मागवला २८ मिलिमीटरचा, मेटलचा. आणि बेस? कॅरमच्या सोंगटीचा व्यास तीन सेंटिमीटरच्या थोडा वर असतो. बाजारात या आकाराच्या पुतळ्यांसाठी ३२ मिलिमीटरचे गोल बेस मिळतात. म्हणजे जवळपास तेवढाच! ड्वार्फ उभा राहणार होता स्वतःवरच.

सह्याद्री, सोंगटीवर

बेस म्हणजे पुतळ्याची गोष्ट. नुसत्या काळ्या चकतीवर उभा असेल तर तो कुणीही असतो. पायाखाली काय आहे त्यावरून कळतं की हा कुठून आला आणि कुठे निघालाय. आमचा मित्र ट्रेकर, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. सह्याद्रीतला कडा!

सोंगटीचं वरचं पॉलिश पॉलिशपेपरने घासून काढलं, नाहीतर गोंद धरत नाही. कॉर्कशीट कात्रीने न कापता हाताने तोडलं. तुटलेली कड अगदी थरांच्या खडकासारखी दिसते. दोन तुकडे एकावर एक चिकटवले, पुढचा भाग थोडा बाहेर काढला की झाला कडा. फटींमध्ये फेव्हिकॉल लावून चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू टाकली आणि रात्रभर वाळू दिलं.

आता रंग. सह्याद्रीचा बेसॉल्ट आपण काळा म्हणतो, पण नीट बघा. त्यात करडा आहे, तपकिरी आहे, कुठे पिवळट डागही. म्हणून आधी गडद करडा, मग तपकिरी छटेचा करडा, शेवटी फिका. हे वरचे दोन रंग लावायचे ‘ड्रायब्रश’ने. म्हणजे ब्रशवरचा रंग टिश्यूवर जवळजवळ पुसून टाकायचा आणि उरलेला खडकावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त कडांवर बसतो, खाचा गडद राहतात आणि दगड एकदम खरा वाटायला लागतो. गवतासाठी रेडीमेड पाकिटं मिळतात, पण मी नारळाच्या शेंडीचा काथ्या वापरला. बारीक कापून चिमूटभर उभा चिकटवला की मार्चमधलं वाळलेलं गवत तयार!

पातळ रंगाचा फंडा

पुतळा आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा. साच्याची रेघ राहिली असेल तर कानशीने घासायची. मग प्रायमर. इथे आपल्या पावसाची गंमत आहे. दमट हवेत स्प्रे प्रायमर खरखरीत, पावडरीसारखा बसू शकतो. म्हणून जुलैत ब्रशने लावायचा प्रायमरच बरा.

यानंतर या छंदातला सगळ्यात मोठा मंत्र: रंग पातळ करा! बाटलीतला ॲक्रिलिक थेट लावला तर दाढीचे केस, चिलखताच्या कड्या सगळं बुजून जातं. थोडं पाणी घालून दोन पातळ हात द्यायचे. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. घाई केली की खालचा रंग उचलला जातो. ऑफिसात ‘आत्ताच्या आत्ता पाठव’ ऐकून आलेल्या माणसाला ही दहा मिनिटं थांबायची सक्ती जाम भारी वाटते. मेल नाही, फोन नाही. हातात ब्रश असताना फोन घेताच येत नाही!

मूळ रंग झाले की ‘वॉश’. हा पाण्यासारखा गडद रंग आपोआप खाचांमध्ये उतरतो आणि सावल्या तयार होतात. आणि मग हायलाइट. प्रकाश वरून पडतोय असं धरून नाक, गालाची हाडं, खांदे, दाढीचे वरचे केस एकेक छटा उजळत न्यायचे. एवढ्याशा पुतळ्यावर खरा प्रकाश पुरेशा सावल्या पाडत नाही, म्हणून त्या आपण रंगवायच्या. दाढीला मी तपकिरी वॉशवर करडा आणि टोकांना जवळजवळ पांढरा दिला. डोळ्यांच्या खोबणीत गडद तपकिरी, त्यात पांढरी बारीक रेघ आणि मध्ये एक काळा ठिपका. तो ठिपका देताना श्वास रोखला जातो. पण ठिपका बसला, की पुतळा तुमच्याकडे बघायला लागतो. खरंच!

शेवटचा शनिवार

पुतळ्याच्या पायात १ मिलिमीटरचं भोक पाडून जेम क्लिपची तार बसवली आणि ती कड्यात रोवली. वरून मॅट वार्निशचा हात. सोंगटीची कड मुद्दाम काळीच ठेवली.

त्या रात्री टेबलावर ड्वार्फ ठेवला. मित्राने उचलला, चेहरा बघितला, हसला. मग कड फिरवून बघितली आणि एकदम गप्प झाला. ‘ही आपली सोंगटी आहे?’ मी म्हटलं, ‘खाली बघ.’ खाली आमच्या पहिल्या गेमची तारीख लिहिली होती. ‘आता याला मरू देऊ नका रे,’ तो म्हणाला. शेवटच्या लढाईत ड्वार्फ वाचला. मग डबीत कापूस घालून, हँडबॅगेजमधून डब्लिनला गेला.

आमच्या कॅरममध्ये आता एक सोंगटी कमी आहे. तिच्या जागी आम्ही शर्टाचं बटण लावून खेळतो.

तुमचं पहिलं किट

* ब्रश: ० आणि १ नंबरचे टोकदार. अगदी बारीक ब्रशवर रंग पटकन वाळतो. ड्रायब्रशला जुना, पसरलेला ब्रश चालतो.
* रंग: काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, तपकिरी, चंदेरी आणि एक तपकिरी वॉश. सुरुवातीला एवढे पुष्कळ.
* वेट पॅलेट: चपट्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बेकिंग पेपर. रंग बराच वेळ ओला राहतो.
* पकड: पुतळा रिकाम्या बाटलीच्या झाकणावर तात्पुरता चिकटवा. बोटं रंगावर लागत नाहीत.
* उजेड: पांढऱ्या प्रकाशाचा टेबललॅम्प. पाठ आणि डोळे, दोघंही थँक्यू म्हणतील!
* काळजी: फेव्हिक्विक आणि स्प्रे वापरताना खिडकी उघडी हवी. मेटल घासताना मास्क लावा आणि नंतर हात धुवा.