घुमटाखालची फुफ्फुसं

कॅनडातल्या टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये एका पारदर्शक घुमटाखाली फुफ्फुसांची जोडी फुगते आणि ओसरते. भोवती छाती नाही, हृदय नाही. श्वासनलिकेत शिरलेली नळी व्हेंटिलेटरला जोडलेली आहे. फुफ्फुसधमनीत दुसरी नळी आहे, तिच्यातून रक्तपेशी नसलेला एक द्रव आत जातो आणि पलीकडे हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या राखलेल्या काठातून बाहेर येतो. तापमान ३७ अंश. मिनिटाला सातच श्वास. ज्याची ही फुफ्फुसं होती तो माणूस काही तासांपूर्वी मरण पावला आहे. ज्याला ती मिळायची आहेत तो जवळच वाट बघतो आहे, आणि ती त्याला मिळतीलच असं अजून कुणीही सांगितलेलं नाही.

या यंत्राला डॉक्टर ‘ईव्हीएलपी’ म्हणतात. एक्स व्हिवो लंग परफ्युजन, म्हणजे फुफ्फुस देहाबाहेर काढून त्यातून द्रव फिरवणं. वर्तमानपत्रांना ते ‘फुफ्फुस दुरुस्त करणारं यंत्र’ वाटतं, आणि थोडीफार दुरुस्ती त्यात होतेही. पण त्याची खरी कमाई वेगळी आहे असं मला वाटतं. अपरात्री, घाईत, हाताच्या अंदाजावर होणारा एक निर्णय त्याने काही तास पुढे ढकलता येईल असा केला.

तो निर्णय अवघड का, हे कळायला फुफ्फुसाचा स्वभाव बघावा लागतो. यकृत, मूत्रपिंड, हृदय हे अवयव आत बंदिस्त असतात. फुफ्फुस मात्र थेट बाहेरच्या हवेला उघडं. दाता मेंदूमृत होतो तेव्हा तो बहुधा अपघाताने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने आयसीयूत आलेला असतो. कधी उलटी श्वासनलिकेत गेलेली असते, कधी छातीला मार बसलेला असतो, व्हेंटिलेटरवर दोन दिवस गेले की जंतूही पोचतात. शिवाय मेंदू मरताना शरीरात ॲड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो, रक्तदाब उसळतो आणि फुफ्फुसांच्या नाजूक केशवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. त्यामुळे इतर अवयव देणाऱ्या दात्यांपैकी पाचांतल्या एकाचीच फुफ्फुसं साधारणपणे कामी येतात. बाकीची तशीच जातात.

दात्याच्या खाटेभोवती एक मूक रस्सीखेचही चालते. मूत्रपिंड चांगलं राहावं म्हणून सलाइन मोकळ्या हाताने द्यावंसं वाटतं, आणि तेच सलाइन फुफ्फुसांना बुडवतं. चांगला आयसीयू डॉक्टर यातून मधला मार्ग काढतो. द्रव मोजून देतो, व्हेंटिलेटरचे श्वास लहान ठेवतो, ब्रॉन्कोस्कोपने नळ्यांतला चिकटा काढतो, दात्याचं डोकं उंच ठेवतो. या कामाची बातमी कधी होत नाही. पण प्रत्यारोपणाचं निम्मं यश इथेच ठरतं, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे.

टोरंटोचं नाव या विषयात सारखं येतं, त्याला कारण आहे. माणसावरचं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसच्या वर प्रयत्न झाले. बेल्जियममधला एक रुग्ण दहा महिने जगला, बाकीचे बहुतेक रुग्णालयातच गेले. अनेकदा घात व्हायचा तो श्वासनळीच्या सांध्यात. इतर अवयवांच्या मुख्य रक्तवाहिन्या शिवल्या की काम भागतं. श्वासनळीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मात्र इतक्या बारीक की त्या सहसा जोडतच नाहीत. त्यात स्टेरॉइडचे मोठे डोस, त्यामुळे जखम भरत नसे आणि टाके उसवत. टोरंटोत जोएल कूपर यांच्या गटाने हे कोडं प्रयोगशाळेत उलगडलं. त्यांनी सुरुवातीला स्टेरॉइड टाळलं, प्रतिकारशक्ती दाबणारं, तेव्हा नवं असलेलं सायक्लोस्पोरिन हे औषध वापरलं, आणि पोटातल्या चरबीच्या पदराचा एक तुकडा वर ओढून सांध्याभोवती गुंडाळला, म्हणजे तिथे नवं रक्त पोचेल. नोव्हेंबर १९८३मध्ये त्यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थाला एक फुफ्फुस बसवलं. तो घरी गेला, कामावर गेला आणि सहा वर्षांहून अधिक जगला. १९८६मध्ये याच रुग्णालयात दोन्ही फुफ्फुसांचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. चरबीचा तो पदर आज कुणी गुंडाळत नाही, टाक्यांची पद्धत सुधारल्यावर त्याची गरज संपली.

सांधा टिकू लागला, तरी फुफ्फुस घ्यायचं की नाही हा प्रश्न राहिलाच. पद्धत अशी: शल्यचिकित्सकांची तुकडी दात्याच्या गावी जाते. दात्याला शंभर टक्के ऑक्सिजन देऊन रक्तातला ऑक्सिजनचा दाब मोजते. तो ३००च्या वर असला तर ठीक. मग छाती उघडून फुफ्फुसं हातात घेते, दाबून बघते, व्हेंटिलेटर क्षणभर सोडून ती कशी बसतात ते पाहते. मान्य झाली तर फुफ्फुसधमनीतून थंड द्रव सोडून रक्त धुऊन काढायचं, फुफ्फुस अर्धवट फुगलेलं ठेवून श्वासनलिका बंद करायची, पिशव्यांत घालायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवून निघायचं. हवा आत ठेवतात ती उगाच नव्हे. रक्त थांबलं तरी वायुकोशांतल्या ऑक्सिजनवर फुफ्फुसाच्या पेशी काही काळ तग धरतात, आणि हे दुसऱ्या अवयवाला जमत नाही. तरी घड्याळ लागलेलंच. सहा ते आठ तासांत ते नव्या छातीत गेलं पाहिजे. मनात शंका असली की डॉक्टर ‘नको’ म्हणत. चुकीचं फुफ्फुस बसवलं तर माणूस जातो, आणि नाकारलेल्या फुफ्फुसाचा हिशेब कुणी मागत नाही.

अवयव देहाबाहेर जिवंत ठेवण्याचं स्वप्न तसं जुनं. नोबेल विजेते शल्यचिकित्सक ॲलेक्सिस कॅरेल यांनी १९३५ साली एका काचेच्या पंपात मांजराची थायरॉइड ग्रंथी कित्येक दिवस टिकवली, आणि तो पंप बनवला होता अटलांटिक एकट्याने विमानाने ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गने. फुफ्फुसाच्या बाबतीत पहिली बाजी मारली स्वीडनमधल्या लुंड शहराच्या स्टिग स्टीन यांनी. हृदय थांबून मरण पावलेल्या दात्याचं फुफ्फुस त्यांनी २००० साली बाहेर तपासलं आणि मगच एका चौपन्न वर्षांच्या बाईंना बसवलं. घुमटाखाली फिरतो तो द्रव आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांची पद्धत थोड्या वेळाच्या चाचणीची होती. फुफ्फुसांतून द्रव तासन्‌तास फिरवला की ती पाण्याने सुजत.

टोरंटोत शाफ केशवजी आणि मार्सेलो सायपेल या शल्यचिकित्सकांनी हट्ट सोडला तो जोराचा. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याच्या चाळीस टक्केच प्रवाह ठेवायचा. सुरुवात त्याहून कमी, दहा टक्क्यांनी. फुफ्फुस तासाभरात हळूहळू ऊब धरतं, ३२ अंशांना पोचलं की श्वास सुरू करायचे. कर्णिकेच्या बाजूला थोडा दाब राखायचा, म्हणजे बारीक शिरा मिटत नाहीत. एक खुबी मला फार आवडते: फुफ्फुसात शिरण्याआधी द्रवातला ऑक्सिजन मुद्दाम काढून टाकतात. त्यासाठी वापरायच्या वायूत ८६ टक्के नायट्रोजन, ८ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ६ टक्केच ऑक्सिजन असतो. बाहेर पडणाऱ्या द्रवात ऑक्सिजन वाढला तर तो फुफ्फुसानेच घातला, दुसऱ्या कुणी नाही. दर तासाला मोजमाप, मधूनमधून एक्स-रे, ब्रॉन्कोस्कोप. चार ते सहा तासांत निकाल. २०११मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष मांडले: एरवी शंकास्पद ठरलेल्या तेवीस दात्यांची फुफ्फुसं घुमटाखाली गेली, त्यांतली वीस बसवली गेली आणि पहिल्या तीन दिवसांत ती नेहमीच्या फुफ्फुसांपेक्षा वाईट वागली नाहीत.

या तासांत रुग्णाकडे काय चालतं? तो घरून बोलावलेला असतो, उपाशी असतो, तपासण्या झालेल्या असतात. पुष्कळदा फुफ्फुस नापास होतं आणि त्याला परत पाठवतात. या फेरीला डॉक्टर आणि रुग्ण दोघंही ‘ड्राय रन’ म्हणतात. एकाच माणसाच्या वाट्याला अशा दोनतीन फेऱ्या येऊ शकतात. पास झालं तर भूलतज्ज्ञाची कसोटी सुरू होते. जुनी फुफ्फुसं इतकी निकामी असतात की भूल देतानाच रुग्ण ढासळू शकतो. दुहेरी नळी घालून दोन्ही बाजूंचा श्वास वेगळा करतात, आधी जास्त बिघडलेलं फुफ्फुस काढतात आणि उरलेल्यावर माणूस तोलून धरतात. तेही पेलणार नसेल तर एकमो, म्हणजे देहाबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र, लावतात. नवं फुफ्फुस तीन ठिकाणी जोडलं जातं: श्वासनळी, धमनी, कर्णिकेचा काठ. मग धमनीवरचा चिमटा एकदम सोडत नाहीत. दहा मिनिटं लावून, जरा जरा सैल करत, रक्त आत घेतात. एकदम सोडलं तर ते फुफ्फुस तिथल्या तिथे पाण्याने भरू शकतं.

पुढचे ७२ तास आयसीयूचे. इथेही तीच रीत, पाणी कमी, श्वास लहान, ऑक्सिजन गरजेपुरताच. नव्या फुफ्फुसाच्या लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात, म्हणून आत साठलेलं पाणी नीट निघत नाही. नसा तुटलेल्या असतात, म्हणून चिकटा साठला तरी खोकला येत नाही. रुग्णाला आठवणीने खोकायला शिकवावं लागतं.

टोरंटोच्या एका घटनेने या साऱ्याची सीमा दाखवली. २०१६ साली सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची एक तरुण रुग्ण फुफ्फुसांतल्या संसर्गाने मरणाच्या दारात होती, आणि दाता नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही फुफ्फुसं काढून टाकली आणि छाती रिकामी ठेवली. संसर्गाचं मूळ गेलं, रक्तदाब सावरू लागला. एकमो आणि आणखी एका कृत्रिम फुफ्फुसाच्या आधाराने ती सहा दिवस जगली, मग दाता मिळाला. बाई घरी गेल्या.

गंमत अशी की घुमटाचा थोडा मान आता एका साध्या फ्रिजने पळवला आहे. बर्फापेक्षा १० अंशांवर फुफ्फुस जास्त टिकतं हे टोरंटोतच सशांच्या फुफ्फुसांवर १९८९च्या सुमारास दिसलं होतं. पण बर्फ सगळीकडे मिळतो आणि १० अंश मिळत नाहीत, म्हणून तो शोध मागे पडला. सायपेल यांच्या गटाने तो पुन्हा उचलला. डुकरांची फुफ्फुसं १० अंशांवर छत्तीस तास ठेवूनही चांगली चालली. मग टोरंटो, व्हिएन्ना आणि माद्रिद इथल्या सत्तर रुग्णांवर प्रयोग झाला: दात्याकडचं काम रात्रीचं असेल तर प्रत्यारोपण सकाळी सहाच्या आधी सुरूच करायचं नाही. २०२३मध्ये निकाल छापून आले. रात्रभर थांबलेल्या फुफ्फुसांनी रुग्णांचं नुकसान केलं नव्हतं. झोप झालेला शल्यचिकित्सक हा उपाय औषधांच्या यादीत बसत नाही, पण मला तो त्या यादीतल्या कित्येकांहून महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे याचा अर्थ काय? मराठी वाचकाला अवयवदान माहीत आहे ते ग्रीन कॉरिडॉरच्या बातमीतून: सायरन, रिकामा रस्ता, मिनिटांचा हिशेब. पण त्या बातमीत बहुधा यकृत किंवा हृदय असतं, फुफ्फुस क्वचित. देशात फुफ्फुस प्रत्यारोपणाचं मोठं केंद्र चेन्नई ठरलं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या रुग्णाला अनेकदा बिऱ्हाड हलवून तिथे जावं लागतं. घुमटाचं यंत्र, एकदाच वापरायच्या नळ्या आणि परदेशी द्रव यांचा खर्च इथे कुणाच्या खिशाला झेपेल याची मला शंका आहे. १० अंश राखणारी पेटी त्यामानाने आवाक्यातली. नागपुरात रात्री काढलेलं फुफ्फुस खास विमानाऐवजी सकाळच्या नेहमीच्या विमानाने नेता आलं, तर हिशेबच बदलतो.

मात्र पेटी कितीही चांगली आली तरी तिच्याआधी दोन गोष्टी घडाव्या लागतात. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करायचा असतो. अनेक रुग्णालयांत ही तपासणी सुरूच होत नाही. नातेवाइकांशी बोलायचं कोणी, हा प्रश्न रात्रपाळीच्या डॉक्टरकडे अडकून राहतो. आणि दुसरं म्हणजे त्या तासांत दात्याच्या खाटेजवळ कुणीतरी सलाइनचा वेग कमी करायला हवा. जिल्ह्याच्या रुग्णालयात आज ते कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नसतं.